हजारच्या आतला मासेमारीचा रॉड-रीलचा सेट: चिलापीपुरता ठीक, कटल्याच्या नादी लागू नका

ऑनलाइन सगळीकडे दिसतो तो 7 फुटी घडीचा (एकात एक सरकणारा) फायबरग्लासचा रॉड, सोबत 3000 साइजचं रील (दोरा गुंडाळायची चकरी) आणि एक पाऊच. मी हा खडकवासल्याच्या बॅकवॉटरला आणि पवनेला वापरलाय, म्हणून लिहितोय.

रॉड खरंच बराय. बंद केला की सॅकमध्ये मावतो, बाइकवर न्यायला एकदम सोपा. उघडताना आधी शेंड्याकडून उघडा म्हणजे रिंगा एका रेषेत बसवता येतात, बंद करताना जाड बाजूकडून, आणि घरी आल्यावर साध्या पाण्याने धुवून सावलीत वाळवा, नाहीतर काठावरची बारीक माती सांध्यात बसते आणि मग घडी उघडतही नाही, मिटतही नाही.

रीलचं काय सांगू. फिरतं छान, पण ड्रॅग (मासा ओढायला लागला की तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, सोडणारा ब्रेक) गचके देत सुटतो. चिलापीला काही फरक पडत नाही, पावशेराची चिलापी काय ओढणार, पण मोठा कटला किंवा सायप्रिनस (कॉमन कार्प) लागला आणि पळाला की ड्रॅग हळूहळू सुटायला पाहिजे, इथे तो आधी अडतो आणि मग एकदम सुटतो, तेवढ्यात तंगूस तुटलेला असतो. ज्यांना कटलाच पाहिजे त्यांनी रीलवर जास्त पैसे घालावेत, रॉडवर नाही.

सोबत येणारा तंगूस सरळ फेकून द्या (काठावर नको, घरी आणून). स्प्रिंगसारखा गुंडाळ्या होऊन येतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेकीला गुंता. 0.30 किंवा 0.35 मिमीचा चांगला नायलॉन भरा, स्पूलच्या (रीलवरच्या रिळाच्या) काठापासून दोन-तीन मिमी खाली राहील एवढाच, आणि फेकल्यावर बेल (रीलवरची तारेची कमान) हाताने बंद करा, हँडल फिरवून नको, पीळ कमी बसतो. पाऊचमधल्या गऱ्या पण बोथट आणि मोठ्या. चिलापीचं तोंड लहान, तिला बारीक गरी आणि गांडुळाचा तुकडा पुरतो. रोहू-मृगळला तळाशी कणकेचा गोळा, कटल्याचं तोंड वर उघडतं त्यामुळे त्याला वरच्या पाण्यात फ्लोट लावूनच.

एक फायदा कोणी सांगत नाही, कार्बन रॉडमधून वीज सहज जाते, फायबरमधून तशी जात नाही. पण हे ऐकून वळवाच्या पावसात काठावर उभे राहू नका, आणि ओला रॉड विजेच्या तारांखाली तर कुठलाच नको. आणि हो, धरणात मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सोसायट्यांकडे असतो, गळ टाकायच्या आधी तिथे विचारून घ्या.

वॉरंटी कागदावरच समजा. बेलची स्प्रिंग ढिली झाली म्हणून विक्रेत्याला मेसेज केला, फोटो पाठवा म्हणाला, पाठवले, पुढे चिडीचूप. शेवटी ओळखीच्या मेकॅनिकने पेनाची स्प्रिंग कापून बसवली, तीच अजून चालतीये.