मोरोनोबूच्या सुंदरीची प्रतिकृती: रेशमावर की कॅनव्हासवर?

जपानी चित्रकार हिशिकावा मोरोनोबूचे 'वळून पाहणारी सुंदरी' हे चित्र टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. 17व्या शतकाच्या अखेरीस रेशमावर रंगवलेल्या या चित्रात लाल किमोनोतील स्त्री चालता चालता मागे वळून पाहते, आणि तिच्याभोवती काहीही रंगवलेले नाही. त्याची हाताने रंगवलेली प्रतिकृती घेताना मुख्य प्रश्न माध्यमाचा असतो.

कॅनव्हासवरील तैलचित्र टिकाऊ असते, काचेविना लावता येते आणि सांभाळायलाही सोपे जाते. मात्र तैलरंगाच्या सवयीने चित्रकार गालांवर छाया घालतो, कापडाच्या चुण्यांना गोलाई देतो, आणि मूळ चित्राचा प्राण असलेली सपाट रंगांना बांधून ठेवणारी बारीक रेषा हरवते. मोकळी पार्श्वभूमीही तेथे केवळ रंगवलेली भिंत वाटते.

रेशमावर, सरसात कालवलेल्या खनिज रंगांनी आणि शिंपल्यांच्या पांढऱ्या चूर्णाने केलेल्या प्रतिकृतीत तीच रिकामी जागा विणीतून श्वास घेते. रेशमावर चुकलेली रेषा सहसा पुसता येत नाही, म्हणून हात अतिशय सिद्ध लागतो. अशा चित्राला दमट हवा आणि प्रखर उजेड सोसत नाही, हे खरे. तरीही माझी निवड निःसंशय रेशमाचीच आहे.