जुन्या फियाटचे आरसे: मडगार्डवर, दारावर की क्लॅम्पचे?

माझ्या चुलतभावाने गोव्यात डिचोलीला १९६८ची फियाट ११०० घेतली. इंजिन ठणठणीत, गाद्या नव्या. पण बाहेरचा आरसा एकच, उजव्या मडगार्डवर, आणि त्याची काच कडेने काळी पडलेली. "दादा, दोन्ही बाजूंना नवे बसवायचेत. कुठले घेऊ?" असं त्याने विचारलं आणि आमची अख्खी दुपार गाडीभोवती गेली. जुनी गाडी खरोखर रस्त्यावर चालवायची असेल तर हा प्रश्न तुम्हालाही पडणारच.

मडगार्डवरचे आरसे या गाड्यांना शोभतात, याबद्दल वाद नाही. समोर बघता बघता नजर किंचित वळवली की मागचं दिसतं, मान फिरवावी लागत नाही. आपल्याकडे आणखी एक फायदा मला फार मोलाचा वाटतो. हा आरसा पुढच्या काचेतून दिसतो, म्हणजे वायपर फिरतो त्या काचेतून. जुलैत काचा वर केल्या की बिनएसीच्या गाडीत बाजूच्या काचांवर लगेच वाफ धरते आणि दारावरचा आरसा असून नसल्यासारखा होतो. फक्त आधी सीटवर बसून बघा. या गाड्यांचे वायपर आखूड, कोपरा पुसतच नाहीत. आरसा नेमका त्या कोपऱ्यात आला तर फायदा गेला.

आता तोटे. आरसा लांब, म्हणून चित्र बारीक. बाजारात उभ्या गाडीला कुणाची पिशवी लागून तो फिरला तर खाली उतरून सरळ करावा लागतो आणि नीट लावायला आत बसलेला दुसरा माणूस लागतो. शिवाय मडगार्डच्या खालून चाक तांबडा चिखल आणि खडी सतत उडवत असतं. नट तिथेच असतो, त्यामुळे गंज खालून चढतो आणि वरून फुगा दिसेपर्यंत पत्रा अर्धा खाल्लेला असतो.

दारावरचा आरसा जवळ, चित्र मोठं, काच खाली करून हाताने पुसता येतो, फिरवता येतो. दिवाडी बेटावर जाताना फेरीबोटीत गाड्या अंगाला अंग लावून उभ्या करतात, तिथे आत दुमडणारा आरसा वाचतो. रोजच्या वापराला माझं मत दारालाच. पण दाराचा पत्रा पातळ. आरसा नुसता पत्र्यावर कसला तर दार आपटून आपटून तो थरथरायला लागतो आणि भोकाभोवती पत्रा तडकतो. आतून दोन मिलिमीटरची पट्टी द्यायलाच हवी.

क्लॅम्पचा आरसा दाराच्या कडेला चिमट्यासारखा बसतो, बारीक स्क्रूने आवळायचा. भोक नाही, उद्या काढला तर गाडी होती तशी. कडेचा रंग मात्र खरवडतो, म्हणून जबड्यात पातळ रबर घाला. दार हळूहळू पूर्ण उघडून दांडी मडगार्डला लागत नाही ना, तेही बघा. डुक्कर फियाटच्या, म्हणजे ११००च्या आधीच्या गोलमटोल मॉडेलच्या, पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला असतात, म्हणजे पुढची कड ही उघडणारी कड. तिथे क्लॅम्प दाराच्या फटीत अडकतो आणि प्रत्येक आपटीचा हिसका आरशाला बसतो. त्या गाडीला मी क्लॅम्प लावणार नाही.

भोकाचा मला इतका धाक का, तेही सांगतो. माझ्या गाडीच्या उजव्या दाराला एका गॅरेजात भोक पाडून आरसा लावला. कापलेल्या कडेला रंगाचा एक हातही दिला नाही, आणि मीही उभा राहून बघितलं नाही. तिसऱ्या पावसाळ्यानंतर रबराखालून तपकिरी ओघळ आला. आरसा काढला तर सहा मिलिमीटरच्या भोकात माझं बोट जात होतं. तो पत्रा कापून नवा जोडावा लागला आणि दाराचा रंग आजही बाकी गाडीशी जुळत नाही.

म्हणून भोक पाडायचंच असेल तर मेस्ताच्या (मेकॅनिकच्या) शेजारी उभे राहा. आधी आरसा मास्किंग टेपने चिकटवून, तुमच्या नेहमीच्या सीटवर बसून बघा: दाराच्या पुढच्या कोपऱ्यातल्या त्रिकोणी काचेची दांडी आड येते का, ती काच उघडल्यावर आरशाला लागते का. दारातली काच पूर्ण खाली करून ती स्क्रूच्या टोकाला घासते का, तेही पाहा. मग टेपवरच खूण, सेंटर पंचने ठोकून बारीक खळगा, तीन मिलिमीटरचं बिट आणि त्यानंतरच मोठं. कडा कानशीने साफ करून प्रायमर आणि रंग, पूर्ण वाळू द्या. वाळण्याआधी आरसा कसला तर सगळं फुकट. शेवटी रबर गॅस्केट आणि थोडं सीलंट.

खरेदीला जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. क्रोमच्या आरशाला चिकटला तर आत बहुधा लोखंडी पत्रा आहे, आणि आपल्या खाऱ्या हवेत क्रोमला टोचे पडले की तो गंजणारच. स्टेनलेसचा थोडा महाग पडला तरी तोच घ्या.

काचेचं म्हणाल तर उजवीकडे सपाट चालते, अंतर खरं कळतं. डावीकडे बहिर्वक्रच हवी. आपल्याकडे स्कूटर डावीकडूनच घुसते. पण फार फुगीर नको, मागची बस खेळण्याएवढी दिसते. युरोपच्या नियमात अशा बाहेरच्या आरशांच्या वक्रतेची त्रिज्या १२०० मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही (त्रिज्या जितकी कमी, तितकी काच फुगीर), त्यावरून अंदाज घ्या.

पन्नास वर्षांवरची गाडी २०२१च्या नियमांखाली विंटेज म्हणून, 'व्हीए' या खास नंबरांच्या मालिकेत नोंदवणार असाल तर ती रोज चालवता येत नाही. मग पत्र्याला हात न लावता मडगार्डवरचा जुना आरसा नवी काच घालून ठेवा. चुलतभाऊ मात्र गाडी रोज कामाला नेणार आहे. त्याच्या फियाटच्या बिजागऱ्या पुढे आहेत, म्हणून सध्या दोन्ही दारांना क्लॅम्पचे स्टेनलेस आरसे लावले. उजव्या मडगार्डवरचा जुनाही तसाच ठेवला, पावसासाठी. गणेश चवथीपर्यंत क्लॅम्प हलले नाहीत तर दाराला भोक पडणार नाही, असं आमचं ठरलंय.