गोव्याच्या इन्क्विझिशनवरचं नाटक: पहिला अंक चुकवू नका

लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहात झालेल्या या दोन अंकी नाटकाचा जीव पहिल्या अंकात आहे. नवरा वारलेली बाई, तिचा लहान मुलगा आणि दारात उभा कारकून. १५५९च्या राजाज्ञेच्या आधारे पोर्तुगीज अंमलात बाप नसलेल्या हिंदू मुलाला, आई जिवंत असली तरी, अनाथ ठरवून मिशनऱ्यांच्या ताब्यात देत. कारकून आवाज चढवत नाही, नुसता कागद वाचतो. आई मुलाच्या बंडीचे बंद पुन्हा पुन्हा बांधत राहते. फार मोठं काम केलंय या दोघांनी. सक्ती बहुतेकदा अशीच यायची, हुकमाच्या कागदावरून.

दुसऱ्या अंकात संहिता घसरते. १५६०मध्ये गोव्यात आलेलं इन्क्विझिशन इथे तलवारीच्या धाकाने बाप्तिस्मे देतं, म्हणजे डोक्यावर पाणी घालून ख्रिस्ती करतं. मुळात ते कॅथलिक चर्चचं धर्मन्यायालय. बाप्तिस्मा झालेला माणूस जुने आचार पाळताना सापडला की त्याच्यावर खटला चाले. धर्मांतरात आडकाठी आणली तर हिंदूही अडकत. हे गाळल्यामुळे त्या मुलावरचं खरं संकटच नाटकातून निघून जातं: एकदा डोक्यावर पाणी पडलं की आईच्या देव्हाऱ्यापुढे हात जोडणंही त्याच्यासाठी गुन्हा.

वेशभूषेचा अभ्यास दिसतो, पण अर्धवट. पश्चात्तापी आरोपीच्या पिवळ्या झग्यावर पुढे-मागे लाल तिरपा क्रूस हवा, तो आहे. मात्र शिक्षेच्या प्रवेशात दिव्यांवर पूर्ण लाल फिल्टर टाकलाय. लाल उजेडात पिवळं कापडही लालच दिसतं, त्यामुळे नेमक्या क्षणी क्रूस गायब! बाजूने साधा पांढरा स्पॉट दिला तरी भागेल. शिवाय जिची जाळण्याची शिक्षा ऐनवेळी टळते, त्या बाईच्या झग्यावर ज्वाळा वर जाणाऱ्या रंगवल्यात. तशा ज्वाळा जाळायला नेल्या जाणाऱ्यांच्या झग्यावर असत. कबुली देऊन वाचलेल्यांच्या झग्यावर ज्वाळा उलट्या, खाली तोंड केलेल्या असत. प्रेक्षकाला आधी एकदा हे दाखवलं, तर तिची सुटका संवादाशिवाय कळेल.

धुराचं मशीन शिक्षेच्या प्रवेशाच्या बरंच आधी सुरू होतं आणि निकालपत्र वाचेपर्यंत चेहरे दिसेनासे होतात. पुढचा प्रयोग बघणार असाल, तर पहिल्या तीन रांगा सोडून मधोमध बसा. आणि वेळेवर पोचा, कारकून पडदा उघडल्या उघडल्याच येतो.