पाळणाघराचे अकरा महिने: फीपेक्षा बंद होण्याची वेळ महाग पडली

पाळणाघर निवडताना जागा, स्वच्छता आणि मुलांमागे सांभाळणाऱ्यांची संख्या पाहावी, हे पालकांना ठाऊकच असते; त्यामुळे ते इथे पुन्हा लिहीत नाही. गेल्या आठवड्यात मला कामाच्या ठिकाणी वरचे पद देऊ केले होते आणि मी ते नाकारले. कारण एवढेच, की आमचे पाळणाघर संध्याकाळी सहाला बंद होते.

सांभाळण्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. दीड वर्षाची माझी मुलगी पहिले तीन आठवडे दारातच रडत असे. आता ती माझे बोट सोडून स्वतःची पिशवी स्वतःच्या खुंटीवर अडकवायला धावते. दुपारी किती झोपली, डब्यात काय उरले, हे ताई रोज वहीत लिहून देतात.

फी माझ्या पगाराच्या एक तृतीयांशाहून थोडी अधिक आहे. सुरुवातीला ती मला फार वाटली, कारण माझ्या पगारातून फी वजा केली की हातात काय उरते, असाच हिशेब घरात मांडला जात होता आणि मीही तो मान्य केला होता. चार महिन्यांनी माझे मत बदलले. मूल दोघांचे असताना फी एकटीच्याच पगारातून का वजा करायची? शिवाय दोन वर्षे घरी बसल्यास बुडतो तो केवळ दोन वर्षांचा पगार नव्हे. त्या काळातली पगारवाढ, निवृत्तीसाठीची शिल्लक आणि पुढच्या पदावरचा हक्क हेही त्याबरोबर जातात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2018 च्या अहवालानुसार, घरच्यांच्या विनामोबदला सांभाळामुळे नोकरीबाहेर राहिलेल्या स्त्रिया जगभरात 60.6 कोटी होत्या आणि पुरुष 4.1 कोटी.

आता वेळेविषयी. माझे काम साडेपाचला संपते आणि प्रवास अर्ध्या तासाचा आहे, म्हणजे एक बैठक लांबली तरी उशीर ठरलेलाच. पाचव्या महिन्यात पाळणाघराने उशिरासाठी दंड सुरू केला. पै-पैचा हिशेब ठेवणारी मी, तरी मला हायसे वाटले. आधी उशीर झाला की ओशाळल्यासारखे होत असे, आता पैसे मोजले की झाले, असे वाटून मी बैठकीत शेवटपर्यंत बसू लागले. इस्रायलमधील हैफा शहरातल्या 10 पाळणाघरांवरचा, 2000 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास नंतर वाचनात आला. त्यांपैकी 6 ठिकाणी असाच दंड लावला, तेव्हा उशिरा येणारे पालक कमी होण्याऐवजी वाढले आणि दंड काढून टाकल्यावरही ते प्रमाण उतरले नाही. तो वाचताना मला माझेच वागणे दिसले.

एका संध्याकाळी सहा चाळीसला पोहोचले, तेव्हा खोलीतला दिवा मालवलेला होता. बाहेरच्या बाकावर मुलगी बूट घालून, पिशवी मांडीवर घेऊन बसली होती आणि शेजारी ताई खांद्याला पर्स लावून उभ्या होत्या. त्यांचा मुलगा तोपर्यंत शेजारणीकडे होता. दंडाची रक्कम त्यांना मिळत नाही, हे मला त्या दिवशी कळले.

म्हणून वेळ वाढवा, एवढीच मागणी मी आता करत नाही. दुसरी पाळी हवी आणि तिचा वेगळा पगार हवा. चालकांचे म्हणणे असे की, त्यासाठी फी वाढवावी लागेल, आणि ते खरेच आहे. पालकांना परवडेल अशी फी आणि ताईंना पुरेल असा पगार, ही दोन्ही टोके केवळ आमच्या खिशातून जुळणार नाहीत. कॅनडातील क्वेबेक प्रांताने 1997 मध्ये सरकारी पैशांतून दिवसाला 5 डॉलर दराची बालसंगोपन व्यवस्था सुरू केली आणि तिथे नोकरी करणाऱ्या मातांचे प्रमाण वाढले. तिथल्या दर्जावर पुढे प्रश्नही उपस्थित झाले, त्यामुळे नुसती स्वस्ताई मला पुरेशी वाटत नाही.

मुलगी पुढच्या वर्षीही तिथेच राहील. दुसऱ्या पाळीचा खर्च उचलावा, असा अर्ज आम्ही पालकांनी आपापल्या कामाच्या ठिकाणी दिला आहे. त्यावर चौदा सह्या आहेत. त्यांत वडिलांच्या तीन.