डायनामो गेला म्हणून सांगितलं, गेला होता बेल्ट

पावसाळ्यात पुणे-कोल्हापूर रस्त्याने स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांनी हे जरूर वाचावं, आणि सोबत वयस्कर आई-वडील असतील तर नक्कीच वाचावं. महामार्गालगतच्या एका गॅरेजवाल्याने आमच्याकडून साडेअकरा हजार रुपये घेतले. गाडीबरोबर कंपनीतून आलेला अल्टरनेटर (गाडीची वीज तयार करणारं यंत्र) काढून स्वतःकडे ठेवला आणि त्याच्या जागी रंग मारलेला जुना बसवला. बिघाड होता साडेसहाशे रुपयांच्या बेल्टचा.

गाडी छोटी पेट्रोल हॅचबॅक, मी चालवत होते. शेजारी बाबा, मागे आई. संध्याकाळची वेळ आणि पाऊस असा की वायपर पुरेनात. हेडलाइट, एसी, मागच्या काचेचा हीटर, सगळं एकाच वेळी चालू. खंबाटकी घाट चढताना डॅशबोर्डवर बॅटरीचं लाल चिन्ह लुकलुकू लागलं आणि माथ्यावर पोचेपर्यंत कायमचं पेटलं. हेडलाइटचा उजेड पिवळा पडला. मग स्टिअरिंग एकदम जड झालं. या गाड्यांचं पॉवर स्टिअरिंग विजेवर चालतं, व्होल्टेज फार खाली आलं की ते साथ सोडतं. घाट उतरताना वळणावर दोन्ही हातांनी जोर लावून स्टिअरिंग फिरवावं लागत होतं आणि आई मागे देवाचं नाव घेत होती. रबर जळल्यासारखा वास येत होता, तोही मला स्पष्ट आठवतो.

घाट उतरून पुढे जे पहिलं उघडं गॅरेज दिसलं तिथे गाडी लावली. मालकाने बोनेट उघडलं, इंजिन चालूच ठेवायला सांगितलं आणि सरळ बॅटरीची एक वायर उपटली. गाडी बंद पडली. "बघा काका, डायनामो खल्लास." मेकॅनिक लोक अल्टरनेटरला डायनामोच म्हणतात. गाडी मी चालवत होते, प्रश्न मी विचारत होते, पण तो सगळं बाबांशीच बोलत होता. त्याने बाबांचा हात धरून अल्टरनेटरजवळ नेला. "किती तापलाय बघा. वास येतोय ना? आतली वाइंडिंग जळलीय." मी म्हटलं, मीटर लावून चार्जिंग किती येतंय ते दाखवा. त्यावर उत्तर आलं, "मीटर काय करायचाय ताई, इतकी वर्षं हेच काम करतोय." आणि लगेच बाबांकडे वळून, "पुढं रस्त्यात वायरिंग पेटलं तर काय कराल? बरोबर लेडीज आहेत."

त्याने दाखवलेल्या एकाही गोष्टीने अल्टरनेटर खराब असल्याचं सिद्ध होत नाही. चालत्या इंजिनावर बॅटरीची वायर काढली आणि गाडी बंद पडली, तर फार तर चार्जिंग होत नाही एवढंच कळतं. ते का होत नाही, ते कळत नाही. उलट वायर अशी उपटल्याने व्होल्टेज क्षणभर उसळतं आणि गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, जळू शकतो. कार्ब्युरेटरच्या जमान्यातली ही परीक्षा आजच्या गाडीवर कुणी करत असेल तर तिथेच थांबवा. तापण्याचं म्हणाल तर घाट चढून आलेल्या गाडीचा चांगला अल्टरनेटरही हात लावू देणार नाही इतका गरम असतो. आणि तो वास रबराचाच होता. पुलीवर घसरणाऱ्या बेल्टचा. खरा दोष नाकासमोर होता आणि तोच त्याने खोट्याचा पुरावा म्हणून वापरला.

सौदा चौदा हजारांवरून साडेअकरावर आला. कंपनीचा खोका आम्हाला दाखवला, पण बसवण्याचं काम पत्र्याच्या शेडमध्ये, अर्धवट उजेडात. पावसामुळे आम्हाला गाडीतच बसवून ठेवलं. जुना डायनामो मागितला तर म्हणाला, तो एक्स्चेंजमध्ये धरलाय, म्हणून तर एवढ्यात देतोय. बिलबुक संपलं होतं, बिल व्हॉट्सअ‍ॅपवर येणार होतं. ते आजतागायत आलेलं नाही. पैसे स्कॅन केले तेव्हा यूपीआयवर गॅरेजचं नाव नव्हतं, कुणा भलत्याच व्यक्तीचं होतं.

आणि तरीही गाडी सुरू केल्यावर लाल दिवा विझला. या फसवणुकीचं मर्म इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. अल्टरनेटर इंजिनाच्या बेल्टवर फिरतो. दिवे, वायपर, पंखा यांचा भार जितका जास्त तितका तो फिरवायला जड जातो. बेल्ट सैल किंवा गुळगुळीत झाला असेल, त्यात पावसाचं पाणी उडालं, की तो पुलीवर घसरतो. पुली पुरेशी फिरत नाही, वीज कमी तयार होते आणि दिवा पेटतो. आता आमच्यासारख्या गाडीत अल्टरनेटर बदलायचा तर बेल्ट सैल करावाच लागतो आणि नवा बसवल्यावर पुन्हा ताणावा लागतो. नुसत्या त्या ताणण्याने दिवा विझतो. गिऱ्हाईक समाधानाने पैसे देऊन निघतं. बेल्ट पुन्हा घसरेपर्यंत ते शंभर किलोमीटर पुढे गेलेलं असतं.

आमचं तसंच झालं. पेठ नाका मागे पडल्यावर पाऊस पुन्हा वाढला आणि दिवा पुन्हा लुकलुकू लागला. एसी, काचेचा हीटर, मोबाइलचा चार्जर सगळं बंद करून कसंबसं कोल्हापूर गाठलं.

सकाळी मामाच्या ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. वयस्कर माणूस, फार बोलणारा नव्हता. आधी गाडी बंद असताना बॅटरीवर मीटर लावला, १२.१ व्होल्ट. इंजिन सुरू करून, १३.४. मग हेडलाइट, पंखा, हीटर चालू करायला लावले आणि मीटरचा आकडा माझ्याकडे वळवला. १२.३, आणि बेल्ट चीं करून ओरडला. हा आवाज पावसाळा लागल्यापासून रोज सकाळी गाडी सुरू करताना येत होता. त्यांनी बेल्ट काढून उलटा करून दाखवला. आतल्या धारा काचेसारख्या चकचकीत, जागोजागी चिरा. नवा बेल्ट टाकला, तोच सगळा भार चालू ठेवून पुन्हा मोजलं, १४.१. डायनामोला तोवर त्यांनी हातही लावला नव्हता.

मग त्यांनी कान दिला, कारण बेअरिंगची घरघर येत होती. काल बसवलेला 'सीलपॅक' डायनामो खाली उतरवला. "ताई, ह्यो नवा न्हाई. रंग तेवढा नवा हाय." चंदेरी रंग स्क्रूच्या खाचांत भरला होता, लेबलच्या कडांवर चढला होता. उघडल्यावर आत कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश, झिजून संपत आलेले, ते ज्यावर टेकतात त्या स्लिप रिंगांवर खोल चरे. त्यांनी कार्बन आणि बेअरिंग बदलून दिलं, चौदाशे रुपये घेतले, काढलेले सगळे भाग पिशवीत घालून माझ्या हातात ठेवले आणि न मागता बिल दिलं. प्रामाणिक कारागीर कसं काम करतो ते आदल्या रात्रीनंतर बघताना माझे डोळे भरून आले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

आमचा मूळ डायनामो चांगला होता हे आता मला सिद्ध करता येणार नाही, कारण तो माझ्याकडे नाही. तो ठेवून घेतात तो त्यासाठीच. शिवाय त्यात तांबं असतं, सुटे भाग असतात, आणि साफ करून रंग मारला की तो पुढच्या गिऱ्हाइकाला विकता येतो. एक्स्चेंजची पद्धत प्रामाणिक दुकानांतही आहे, पण तिथे जुन्याची किंमत बिलावर वजा करून दाखवतात. बिलावर ती नसेल तर जुना भाग तुमचा आहे, तो घेऊनच निघा.

एक साधा डिजिटल मल्टिमीटर काहीशे रुपयांत मिळतो, तो गाडीत ठेवा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर साधारण १२.४ ते १२.७ व्होल्ट दिसतात, इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.५. भार टाकल्यावरही १३ च्या खाली जाऊ नये. १५ च्या वर गेलं तर व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर बिघडलाय आणि बॅटरी उकळेल. हल्लीच्या काही गाड्यांत, विशेषतः माइल्ड हायब्रिडमध्ये, संगणकच चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे एकाच आकड्यावरून निष्कर्ष काढू नका. आणि आकडा कमी आला तरी आधी बेल्ट, मग बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थिंगची वायर, मग फ्यूज आणि डायनामोच्या मागचं कनेक्टर, एवढं बघून झाल्यावरच डायनामो. तोही पुष्कळदा फक्त कार्बन, रेग्युलेटर किंवा डायोड बदलून दुरुस्त होतो.

रस्त्यात दिवा पेटला तर पहिल्यांदा तापमानाकडे बघा. बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर चालतो. तापमान चढत असेल तर बेल्ट तुटला असण्याची शक्यता मोठी, मग ताबडतोब गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. तापमान ठीक असेल तर अनावश्यक सगळं बंद करा आणि मधे इंजिन बंद न करता जवळचं मोठं गाव गाठा. दिवसा, दिवे बंद असताना, चांगल्या बॅटरीवर अर्धा-पाऊण तास गाडी सहसा चालते. रात्री पावसात तेवढा भरवसा धरू नका, दिवे मंद होऊ लागले की सुरक्षित जागी थांबा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ वर फोन केला तर मदत मिळते. विम्यासोबत रोडसाइड असिस्टन्स घेतलं असेल तर तो नंबर आजच मोबाइलमध्ये जतन करा.

मी त्या गॅरेजला फोन केला. "आमच्याकडून गाडी चालू होऊन गेली होती," एवढं म्हणून त्याने ठेवून दिला. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, यूपीआयची पावती, कोल्हापूरचं बिल आणि उघडलेल्या डायनामोचे फोटो जोडले. तिथे दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा मानली आहे, त्यामुळे "बिल नाही तर तक्रार कशी करणार" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. असं कुणाच्या बाबतीत झालं असेल तर यूपीआयची नोंद, बदललेल्या भागाचे फोटो आणि दुसऱ्या मेकॅनिककडून दोष लिहून घेतलेली चिठ्ठी, एवढं आजच एका पाकिटात घालून ठेवा.