मानवी भ्रूणाचा थ्रीडी अ‍ॅटलास: लॅपटॉप हवाच

कोल्हापूरच्या शेंडा पार्कला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजात, एमबीबीएसचं पहिलं वर्ष करणारे असोत, की विद्यापीठात कोंबडीच्या ३३ तासांच्या भ्रूणाची स्लाइड पाहून कंटाळलेले प्राणिशास्त्रवाले. अ‍ॅमस्टरडॅमच्या शरीरशास्त्रज्ञांचा हा अ‍ॅटलास दोघांच्याही कामाचा आहे आणि फुकट आहे.

बाळाचा चेहरा दाखवणारी थ्रीडी सोनोग्राफी ती ही नव्हे. अमेरिकेतल्या कार्नेगी संग्रहातल्या भ्रूणांचे जवळपास १५,००० काप घेऊन, त्यांवर अवयवांच्या कडा विद्यार्थ्यांकडून हाताने आखून घेतल्या आणि त्यातून पहिल्या दोन महिन्यांचे त्रिमिती आकार उभे केले. अवयव आणि रचना मिळून दीडशेपर्यंत. २०१६ साली 'सायन्स' या नियतकालिकात हे काम छापून आलं.

अडतं ते फाइल उघडताना. ही थ्रीडी पीडीएफ आहे. मोबाइलवर किंवा ब्राउझरमध्ये मॉडेल फिरतच नाही आणि फाइल खराब आहे असं वाटतं. लॅपटॉपवर उतरवून अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्येच उघडा. वर पिवळी पट्टी आली की तिच्या ऑप्शन्समधून परवानगी द्या. तरीही हललं नाही तर प्रेफरन्सेसमध्ये 'थ्रीडी अँड मल्टिमीडिया'त जाऊन थ्रीडी चालू करा. मग माउसचं डावं बटण दाबून फिरवायचं, चाकाने जवळ आणायचं, आणि मॉडेल ट्रीमधली, म्हणजे बाजूच्या अवयवांच्या यादीतली, एकेक खूण काढत अवयव लपवायचे.

भ्रूणाच्या वाढीचे क्रमांक दिलेले टप्पे आहेत. पहिल्यांदा टप्पा १० घ्या, म्हणजे गर्भधारणेपासून साधारण २२ वा दिवस. त्वचा बंद करा. न्यूरल ट्यूब, म्हणजे जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती नळी, मधे शिवलेल्या, पण दोन्ही तोंडं उघडी ठेवलेल्या खोळीसारखी दिसते. टप्पा ११ मध्ये डोक्याकडचं तोंड मिटतं, १२ मध्ये शेपटीकडचं, तोवर २८ वा दिवस उजाडलेला असतो. अनेकींना दिवस राहिल्याचं कळेपर्यंत एवढं होऊन गेलेलं असतं. ही नळी नीट मिटावी म्हणून घ्यायचं फॉलिक अ‍ॅसिड दिवस राहण्याआधीच सुरू करा असं का सांगतात, ते इथे पाच मिनिटांत कळतं. प्लास्टिकच्या मॉडेलमध्ये हे दाखवायची सोयच नाही.

मापांच्या बाबतीत मात्र जपून. हे भ्रूण रसायनात टिकवलेले, त्यामुळे आकसलेले आहेत. इथले मिलिमीटर सोनोग्राफीच्या लांबीला लावू नका. रंगही ओळखीपुरतेच दिलेले आहेत. बारीक मज्जातंतूंचं जाळं इथे शोधू नका. त्यासाठी पॅरिसच्या गटाने २०१७ मध्ये भ्रूण पारदर्शक करून लाइट-शीट मायक्रोस्कोपखाली (प्रकाशाचा पातळ पडदा टाकून थर दाखवणारा सूक्ष्मदर्शक) घेतलेली चित्रं पाहावीत.