सात फुटांच्या पाइपाचं अडतीस फुटांचं बिल

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आमचं किचनचं सिंक तुंबलं. चकल्या झाल्या होत्या, तुपात तळलेले अनारसे झाले होते, कढई नुकतीच घासली होती आणि पाणी जाईना. गढूळ पाण्यावर तुपाचा तवंग. आमच्या सोसायटीचे प्लंबर काका गावी गेलेले. घाईत मी मोबाइलवर शोधलं आणि सगळ्यात वर आलेल्या नंबरला फोन लावला. बोलणारी मुलगी गोड होती. "व्हिजिट चार्ज फक्त 99 रुपये मॅडम, बाकी काम बघून." हे "काम बघून" मी तेव्हाच पकडायला हवं होतं.

तासाभरात निळ्या टी-शर्टातली दोन मुलं मशीन घेऊन हजर. एकाने सिंकखालचा पाइप सोडवला, भिंतीतल्या तोंडात टॉर्च मारला आणि म्हणाला, "ताई, पूर्ण लाइन जाम आहे. खाली चेंबरपर्यंत. फुटावर चार्ज लागेल, 240 रुपये फूट." किती फूट, असं मी विचारलं. "मशीन टाकल्याशिवाय कसं सांगणार?" सासूबाई म्हणत होत्या, काका येईपर्यंत थांबू, भांडी बाथरूममध्ये घासू. मी ऐकलं नाही. घरात पाहुणे येणार होते.

मशीनची वायर आत गेली, घरघर सुरू झाली. मग दोन कॅन भरून काहीतरी ओतलं. पांढरा धूर आला, घसा जळजळायला लागला, सासूबाईंना खोकल्याची उबळ आली, मी त्यांना गॅलरीत नेऊन बसवलं. नेमकी तेवढीच दहा मिनिटं मी तिथे नव्हते. परत आले तर वायर किती आत गेली त्याची खूण म्हणून तिच्यावर काळी चिकटपट्टी लावलेली आणि हिशोब तयार: 38 फूट, म्हणजे 9,120 रुपये. दोन कॅन केमिकलचे 1,800. एकूण 10,920. मी हादरले. आवाज चढवला तर दोघे दारातच उभे राहिले. शेवटी 8,500 ऑनलाइन भरले. सिंकमधून पाणी सुळकन जाताना त्यांनी दाखवलं, पावती दिली आणि गेले.

तिसऱ्या दिवशी, लक्ष्मीपूजनाच्या रात्री, सिंक पुन्हा भरलं.

भाऊबीजेनंतर काका आले. त्यांनी सिंकखाली बादली ठेवली आणि बॉटल ट्रॅपची, म्हणजे सिंकखालच्या पाइपातल्या बाटलीसारख्या भागाची, खालची वाटी हाताने फिरवून काढली. आत घट्ट थिजलेलं तूप, त्यात चहाचा चोथा आणि भाताची शितं. त्या गोळ्याच्या मधोमध तारेने पाडलेलं बोटाएवढं भोक होतं. तेवढ्या भोकातून पाणी दोन दिवस गेलं होतं! काकांनी वाटी धुतली, वरचा तुकडा ब्रशने घासला, परत बसवली. पंधरा मिनिटं, 300 रुपये.

मग त्यांनी टेपने मोजून दाखवलं. सिंकपासून डक्टमधल्या उभ्या पाइपापर्यंत सात फूट. "वहिनी, बाकीची एकतीस फूट वायर उभ्या पाइपात सरळ खाली गेली. म्हणजे तो मोकळाच होता की! आणि चेंबरपर्यंत जाम असता, तर तुमच्या तिसऱ्या मजल्याच्या आधी पहिल्या मजल्यावरच्यांच्या सिंकमधून पाणी वर आलं असतं." इतकी साधी गोष्ट. खाली जाऊन एकदा विचारायला दोन मिनिटं लागली असती. शिवाय तो उभा पाइप सोसायटीचा, त्याचा खर्च माझ्या एकटीकडून घ्यायचा प्रश्नच नव्हता.

त्या केमिकलचंही ऐका. वास आणि धुरावरून काका म्हणाले, अ‍ॅसिड. त्याने तूप काही निघालं नाही. आमच्या संगमरवरी फरशीवर मात्र जिथे शिंतोडे उडाले तिथे कायमचे डाग पडलेत. असलं काही ओतलं असेल तर त्यावर ब्लीच कधीही टाकू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. आम्ही रोज संध्याकाळी मोरीत ब्लीच टाकतो. त्या दिवशी टाकलं असतं तर काय झालं असतं, या विचाराने आजही पोटात गोळा येतो.

आता कढई घासण्याआधी मी वर्तमानपत्राने पुसून घेते. तळणाचं उरलेलं तेल बाटलीत, चहाचा चोथा कुंडीत. महिन्यातून एकदा ती वाटी स्वतः उघडते, फक्त वायसर नीट बसलाय ना ते बघायचं. उकळतं पाणी ओतत नाही, त्याने पीव्हीसी पाइप मऊ पडतो. कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण पुरतो. आणि फुटावर पैसे मागणारा आला तर मशीन सुरू होण्याआधी मोजायचा टेप लावायचा, आकडा कागदावर घ्यायचा. नाही म्हणाला तर 99 रुपये देऊन दार लावायचं.

मी ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन केला. तक्रार कोणाविरुद्ध, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पावतीवर नाव नाही, पत्ता नाही, जीएसटी नंबर नाही, फक्त एक मोबाइल नंबर, तोही आता बंद. पैसे मात्र ऑनलाइन गेलेत, त्याचा व्यवहार क्रमांक आहे. परवा कळलं, मागच्या इमारतीतल्या एकट्या राहणाऱ्या आजींकडून अशाच दोघांनी 12,000 नेले. त्यांची पावती माझ्यासारखीच आहे, अक्षरसुद्धा तेच. सोमवारी आम्ही दोघी दोन्ही पावत्या घेऊन पोलिस ठाण्यात जाणार आहोत.